सहाव्या कॅमेऱ्यातला चेहरा

चेहरे झाकलेले होते, तरी सेलीनने ग्रेगरीला ओळखलं.

पडद्यावर प्रत्येक वादकाच्या तोंडावर एक करडा चौकोन होता आणि चौकोनाखाली क्रमांक. या माणसाचा क्रमांक व्हायोला-३. आपला सोलो येण्याआधी त्याने गज मांडीवर आडवा ठेवला, डाव्या हाताची बोटं पँटला पुसली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि वाद्य हनुवटीखाली घेतलं. सेलीनने चित्रण थांबवलं. बारा वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याची ही सवय तिने झोपेतही ओळखली असती.

परळच्या एका संशोधन संस्थेत ती दोन महिन्यांपासून हे काम करत होती. तिचा मूळ व्यवसाय वेगळा. मुंबईच्या सिंफनी वाद्यवृंदाच्या मैफली चित्रित व्हायच्या तेव्हा सेलीन रुमाव सभागृहामागच्या खोलीत, नऊ पडद्यांसमोर, सगळ्या वाद्यांची स्वरलिपी पुढ्यात उघडून बसायची. पुढच्या क्षणी कुठलं वाद्य बोलणार हे लिपीत वाचून ती आधीच सांगायची, "हॉर्न येतायत, कॅमेरा चार... आता!" आणि बरोबर त्या क्षणी पडद्यावर हॉर्न दिसायचे. प्रेक्षकांना वाटायचं, कॅमेऱ्याला संगीत कळतं.

दर जानेवारीत हंगामाचा समारोप एकाच सिंफनीने व्हायचा. एकोणिसावं शतक मावळताना युरोपात लिहिल्या गेलेल्या त्या अवाढव्य रचनांपैकी ही एक. शंभराच्या वर वादक, ऐंशी मिनिटं, आणि शेवटी एक लांबलचक संथ भाग, ज्यात हळूहळू एकेक वाद्य गप्प होत जातं. ही प्रथा वीस वर्षं चालली. तीच रचना, तेच सभागृह, तोच प्रकाश, बहुतेक वादक त्याच खुर्च्यांवर.

डॉ. नचिकेत बेहेरे या मेंदूतज्ज्ञाला हव्या होत्या त्या नेमक्या याच गोष्टी.

पहिल्या दिवशी त्याने सेलीनला सगळं समजावून सांगितलं होतं. कंपवात हा आजार हात थरथरायला लागल्यावर ओळखू येतो. पण तोवर हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूतल्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या निम्म्याअधिक मेलेल्या असतात. हे मरण आठ-दहा वर्षं आधी, अगदी चोरपावलांनी सुरू होतं. पापण्या कमी लवतात. गालांचे बारीक स्नायू मंदावतात. वास येईनासा होतो. आवाज सपाट होतो. घरातल्या माणसांना वाटतं, हा हल्ली जरा बदललाय.

"आता औषध आहे," नचिकेत म्हणाला होता, "पण ते या चोरपावलांच्या काळात दिलं तरच उपयोगी. म्हणजे तो काळ ओळखता यायला हवा. आणि त्यासाठी मला अशी माणसं हवीत जी वर्षानुवर्षं, ठरल्या क्षणी, ठरलेली हालचाल करतात आणि तिचं उत्तम चित्रण झालेलं असतं. कोण करतं असं? तुमचे वादक! कुठल्या बोटाने कुठल्या क्षणी कुठे पडायचं हे लिपीत लिहून ठेवलेलंय. अपेक्षित काय आणि घडलं काय, हे मला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतं."

त्याच्या प्रणालीचं नाव 'मागोवा'. जगभरातल्या चौदा वाद्यवृंदांनी तिला आपली जुनी चित्रणं दिली होती. पुढे ज्यांना आजार झाला त्यांच्या फितींवरून मागोवा शिकली, आणि आता एखाद्या माणसाच्या जुन्या चित्रणांवरून ती त्याचा आजार कधी सुरू झाला ते सांगू शकायची. मुंबईच्या फितींतला कुठला क्षण म्हणजे लिपीतली कुठली जागा, हे जुळवून देण्याचं काम सेलीनकडे होतं. कोणाला कसला आजार आहे हे तिला कळू नये, म्हणून ते करडे चौकोन.

ती उठून नचिकेतच्या खोलीत गेली.

"व्हायोला-तीनचा निकाल काय आला?"

"मॅडम, क्रमांकावरून विचारायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"त्याचं नाव ग्रेगरी तुस्कानो. मी त्याची बायको आहे."

नचिकेतने तिच्याकडे पाहिलं, मग संमतीपत्रांची यादी उघडली.

"वेगळे राहता का तुम्ही?"

"अकरा वर्षं झाली. चर्चच्या नोंदीत अजून नवरा-बायकोच आहोत."

"त्यांनी फॉर्म भरलाय. 'निकाल मला कळवावा का?' यावर 'नाही' लिहिलंय. 'जवळच्या व्यक्तीला कळवावा का?' यावर 'हो'." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "जवळच्या व्यक्तीचं नाव इथे आहे."

वेड्यावाकड्या, मुंग्यांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: सेलीन तुस्कानो, पत्नी.

ते आडनाव तिने अकरा वर्षांत कुठेही लावलं नव्हतं.

नचिकेतने आलेख दाखवला. एक रेघ बराच काळ सरळ चालत होती, मग उतरायला लागली होती. "मिनिटाला सतरा वेळा पापणी लवायची. छत्तीस सालापर्यंत सहावर आली. गालांची हालचाल बघा, हनुवटीजवळची बघा. सुरुवात जानेवारी २०३४. चुकली तर चारेक महिने इकडे-तिकडे."

"पण त्याला डॉक्टरांनी सांगितलं चाळीस साली."

"तेव्हा हात थरथरायला लागला असेल."

सेलीन मोजत होती. चौतीस. ती घर सोडून निघाली होती छत्तीसच्या मे महिन्यात.

---

त्या दोन-अडीच वर्षांचा हिशेब तिने मनात हजारदा मांडला होता, आणि दर वेळी ग्रेगरी दोषी ठरला होता.

आधीचा ग्रेगरी सगळ्या गावाला हसवणारा माणूस. वसईकडच्या लग्नांत बँड वाजवणाऱ्या बापाचा मुलगा, चर्चच्या गायकवृंदात वाढलेला, व्हायोला शिकून वाद्यवृंदात पोचलेला. त्यालाच काय झालं कोण जाणे, घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. ती काही सांगत असली की चेहरा दगडासारखा. हसण्याच्या जागी हसू नाही. तिने केलेलं माशाचं आंबट आवडलं की नाही, तेही सांगेना. "बरं आहे," एवढंच, तेही एका सुरात. कोणी दुसरी आहे का, असं तिने एकदा विचारलं. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यात तिला काही म्हणजे काहीच दिसलं नाही.

दर जानेवारीत त्या संथ भागात व्हायोलाचा एक छोटा सोलो यायचा, पाऊण मिनिटाचा. पूर्वी तिथे ती आवर्जून सांगायची, "कॅमेरा सहा, व्हायोला, जवळून." पस्तीस साली तिने सहाव्या पडद्यावर तो निर्विकार चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, हा मुद्दाम करतोय. मी इथून बघतेय हे याला ठाऊक आहे, म्हणून करतोय. ती म्हणाली, "कॅमेरा दोन. बासरी."

दिग्दर्शक चकित झाला. "अगं, सोलो व्हायोलाचा आहे!"

"बासरी घ्या म्हणतेय ना मी."

छत्तीस सालीही तिने तेच केलं. जगभर जी फिल्म गेली तिच्यात ग्रेगरीचा सोलो ऐकू येतो, पण त्या वेळी दिसते ती थांबून राहिलेली बासरीवाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेलीनचे वडील गेले. ग्रेगरी शवपेटीजवळ उभा होता. शेजारीपाजारी रडत होते, फादर रडत होते, आणि बाबांनी ज्याला पोटच्या मुलासारखं वागवलं तो जावई भिंतीकडे पाहावं तसा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्या दिवशी तिने मनाशी काय ते ठरवलं.

चाळीस साली त्याला कंपवात झाल्याचं कानावर आलं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण आपण निघून आलो त्यानंतरची ती गोष्ट, असंच ती धरून चालली. कोणी तिला दोष दिला नाही. तिनेही स्वतःला दिला नाही.

आता तिने नचिकेतकडून कच्चं चित्रण मागून घेतलं. नऊही कॅमेऱ्यांचं वेगवेगळं चित्रण जपलेलं होतं. सहावा कॅमेरा, छत्तीस साल, चौकोन काढून टाकलेला. तिने तो चेहरा पाऊण मिनिट पाहिला. गाल हलत नव्हते. पापणी लवत नव्हती. आणि उजव्या डोळ्यातून पाण्याची एक सरळ रेघ उतरून वाद्याच्या कडेपर्यंत गेली होती.

---

भाईंदरची खाडी ओलांडून बस वसईच्या अंगाला लागली. केळीच्या बागा आता अर्ध्याच उरल्या होत्या. तुस्कानोंच्या घराच्या ओट्यावर रेजिना वाल सोलत बसली होती. ग्रेगरीची धाकटी बहीण. गावातल्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. सात वर्षं भावाचं सगळं तीच करत होती: आंघोळ, घास भरवणं, कूस बदलणं.

सेलीनला पाहून ती उठली नाही.

"कोणी पाठवलं तुला, सेलीन?"

पूर्वी ती वहिनी म्हणायची.

सेलीनने उभ्याउभ्याच सांगितलं. फिती, मागोवा, पापण्या. रेजिना सोलत राहिली.

"म्हणजे मशीनने सांगितलं तेव्हा आलीस. मी चाळीस साली फोन केला होता तुला. तेव्हा काय म्हणालीस? 'काळजी घे त्याची.' घेतली. आता काय घ्यायला आलीस?"

"त्याला भेटायचंय."

"आणि काय सांगणार? तुझं काही चुकलं नाही, सगळं आजाराचं चुकलं? बरं वाटेल ना तुला. रडशील, मोकळी होशील आणि सहाच्या बसने घरी जाशील. त्याला रात्रभर झोप लागणार नाही. मग त्याच्याजवळ कोण बसणार?"

सेलीन ओट्याच्या पायरीवर बसली, सुपातले मूठभर वाल घेतले आणि सोलायला लागली. टोपली भरल्यावर रेजिना म्हणाली, "जागा आहे तो. हळू बोलतो. कान तोंडाशी न्यावा लागतो. मध्येच तोडू नकोस."

खिडकीशी, उशांना टेकून ग्रेगरी बसला होता. छप्पन्नचा माणूस सत्तरीचा दिसत होता. हात मांडीवर आपले आपण हलत होते. चेहरा तोच, सहाव्या कॅमेऱ्यातला.

"सेलीन," तो म्हणाला. आवाज कागद सरकवल्यासारखा.

तिने सगळं बोलायचं पाठ करून आणलं होतं. "ग्रेग, मला माहीत नव्हतं रे. तुझा चेहरा... तो तू नव्हतास. तो आजार होता. मला वाटायचं तुला माझा कंटाळा आलाय. बाबांच्या वेळी तू..."

"तारीख सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगत."

तो थांबला. श्वास गोळा केला. एकेक शब्द यायला वेळ लागत होता आणि तिला वाकून ऐकावं लागत होतं.

"तोंडावर दिसलं नाही, ते आजाराचं," ग्रेगरी म्हणाला. "तोंडाने सांगितलं नाही, ते माझं."

"असं म्हणू नकोस."

"जीभ चालत होती तेव्हा. कॅमेरा बासरीवर गेला, मी फिल्ममध्ये बघितलं. पस्तीसला. राग आला. म्हटलं, नाही बघायचं तर नको बघूस. विचारलं नाही तुला. बाबा गेले तेव्हा..." पुन्हा श्वास. "आतून फाटत होतो. तुला सांगायला हवं होतं. म्हटलं, हिला कळायला हवं. न सांगता कळायला हवं. ते माझं, सेलीन. आजाराला नको देऊस. सगळंच नेलंय त्याने. एवढं राहू दे."

सेलीन रडली. त्याने तिला हात लावायचा प्रयत्न केला. हात भलतीकडेच गेला, तेव्हा तिनेच तो धरला.

"मीही विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं ते भलतंच."

"हो," ग्रेगरी म्हणाला. "ते तुझं."

त्याच्या गळ्यातून एक खरखर आली. तो हसतोय, हे तिला रेजिनाने दारातून सांगितलं.

---

सेलीन दर गुरुवारी यायला लागली. मग गुरुवार आणि रविवार. सकाळी यायची, त्याला केळं कुस्करून भरवायची. रेजिनाला तेवढा वेळ चर्चला, बाजाराला, कुठेच न जाता नुसतं ओट्यावर बसायला मिळायचं. जुना संसार पुन्हा जुळला असं म्हणता येणार नाही. ग्रेगरी कधी कधी दिवसभर एक शब्दही बोलायचा नाही, आणि हा आजार की राग, असं सेलीनच्या मनात यायचंच. फरक एवढाच, की ती आता विचारायची. "रागावलायस का?" तो बोटाने खूण करायचा. एक बोट म्हणजे नाही. दोन बोटं म्हणजे हो. दोन बोटंही बरेचदा यायची.

त्या वर्षी मार्चमध्ये मागोवा सगळ्यांसाठी खुली झाली. वाद्यवृंदाची गरज उरली नव्हती. लग्नाच्या, वाढदिवसाच्या साध्या चित्रणांवरूनही ती आजार ओळखायला शिकली होती. हजारो लोकांना वेळेत औषध मिळालं. हे मोठंच काम झालं, आणि सेलीनला ते कधी विसरायचं नव्हतं. पण त्याबरोबर घराघरांत एक नवा शब्द आला: तारीख. "यांची तारीख अडतीसची निघाली हो. म्हणजे घर विकायला नाही म्हणाले ते त्यांचं मन नव्हतंच!" मुलं मेलेल्या बापांची चित्रणं घेऊन रांगा लावत होती. बापाने आपल्याला हाकललं ते तारखेआधी की नंतर? तारखेनंतरचं सगळं माफ आणि आधीचं सगळं कायमचं खरं, असा एक हिशेब होऊन बसला. माणसांचे दोन तुकडे पडायला लागले. नचिकेतकडे अशा चिठ्ठ्यांचा ढीग साठायचा. तो हैराण झाला होता. "मी आजार कधी सुरू झाला ते सांगतो," तो सेलीनला म्हणाला, "माणूस कधी संपला ते नाही. हे यांना कोण समजावणार?"

"समजत नाही असं नाही," सेलीन म्हणाली. "पण तारीख हातात आली की माणूस मोजतोच. मी मोजलं."

ती एक काम मात्र करत होती. छत्तीस सालच्या मैफलीची फिल्म तिने पुन्हा जुळवायला घेतली. त्या संथ भागात बासरी काढून तिथे सहावा कॅमेरा घातला. पाऊण मिनिटाचं काम, पण तिला तीन आठवडे लागले, कारण ती दर वेळी थांबून बघत बसायची.

त्याच कामात तिला ती दुसरी गोष्ट कळली.

छत्तीसचा तो सोलो ग्रेगरीच्या आयुष्यातलं सर्वोत्तम वादन मानलं गेलं होतं. परीक्षणांत लिहून आलं होतं: व्हायोलाच्या त्या सुरात सजावट नव्हती, कंप नव्हता, नुसता उघडा, थंड, सरळ सूर, एखाद्या ऋषीने म्हटल्यासारखा. त्या एका सोलोवर तो पुढची चार वर्षं मानाने वाजवत राहिला. सेलीनने नचिकेतला विचारलं, तारेवर बोट हलवून सुराला जो कंप देतात, व्हायब्रॅटो, तो या वर्षी दिसत का नाही?

नचिकेतने आकडे काढले. "चौतीस सालापासून कमी होत आलाय. छत्तीसला जवळजवळ नाहीच. बोट तेवढ्या वेगाने हलूच शकत नसावं." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "पण मॅडम, मी संगीतातला नाही. माणसाने मुद्दाम हलवलं नसेल तर आलेख असाच दिसेल. मागोवाला हे वेगळं करता येत नाही."

एका रविवारी ती फिल्म घेऊन वसईला आली. रेजिनाने पडदा खिडकीसमोर लावला. ग्रेगरीने ऐंशी मिनिटं डोळे न हलवता पाहिली. शेवटच्या भागात सोलो आला, पडद्यावर तो स्वतः आला, आणि गालावरून ती रेघ उतरली. रेजिना आत निघून गेली. वाद्यं एकेक करून गप्प झाली, पडदा काळा झाला.

मग त्याने सेलीनला जवळ यायची खूण केली.

"छत्तीसचा," तो म्हणाला. "तो माझा होता ना?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"तसा वाजवायचा होता मला," ग्रेगरी म्हणाला. "बिनकंपाचा. माझे बाबा वाजवायचे अंत्ययात्रेत तसा. वर्षभर मनात होता. मी वाजवला? का... हाताने होत नव्हतं म्हणून तसा झाला? तारीख नको. एवढंच सांग. तेव्हा मी होतो ना?"

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

"तूच होतास," सेलीन म्हणाली. "आजार हातापर्यंत पुढच्या वर्षी आला, ग्रेग. सदतीसला. तो सोलो सगळाच्या सगळा तुझा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, उमटणारही नव्हतं. पण त्याच्या मांडीवरचा हात, जो जागेपणी कधी थांबत नसे, क्षणभर थांबल्यासारखा तिला वाटला. कदाचित वाटलाच असेल.

"मग ठीक," ग्रेगरी म्हणाला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. गिळणं जमेनासं झालं, छातीत कफ झाला. नोव्हेंबरमध्ये, मंगळवारी दुपारी, रेजिना त्याची कूस बदलत असताना तो गेला. सेलीन गुरुवारी येणार होती. ती अंत्यविधीला आली. शवपेटीत त्याचा चेहरा सगळ्यांच्या मृत चेहऱ्यांसारखा होता. आजार त्यात आता वेगळा ओळखू येत नव्हता.

---

नवव्या दिवसाच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर पाहुणे गेले. दोघी ग्रेगरीच्या खोलीत त्याचे कपडे आवरत होत्या. रेजिना अंत्यविधीला रडली नव्हती. गेल्या नऊ दिवसांत कोणीच तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती शर्टांच्या घड्या घालत होती, एकसारख्या, शाळेत वह्या रचाव्यात तशा.

"वहिनी," ती घडी घालताघालता म्हणाली. "तू त्याला सदतीस सांगितलंस. मी ऐकलं होतं आतून."

"हो."

"खरी तारीख काय?"

सेलीनने हातातला शर्ट खाली ठेवला. "कशाला हवी तुला?"

"तुला माहितेय कशाला."

सेलीनला माहीत होतं. ती तेव्हा याच घरात होती. २०३१ साली रेजिनाने घरात सांगितलं होतं की तिला शाळेतल्या जयवंत सरांशी लग्न करायचंय. आगाशीचा हिंदू मुलगा, सभ्य, घरच्यांना भेटायला दोनदा येऊन गेलेला. आई म्हणाली, ग्रेगरी म्हणेल तसं. ग्रेगरी काहीच म्हणाला नाही. हो नाही, नाहीही नाही. सहा महिने तो बहिणीशी बोलला नाही, ती समोर आली की उठून जायचा. रेजिनाने वाट पाहिली, आणि मग जयवंत सरांना नाही कळवलं. पुढे भावाला हा आजार निघाला आणि तिने त्याला पहिल्यांदा आंघोळ घातली, त्या दिवशी ती सेलीनच्या आईजवळ म्हणाली होती, म्हणे, की बरं झालं, आता कळलं तो तसा का वागला.

त्या समजुतीवर तिने सात वर्षं काढली होती.

सेलीनला एक शब्द सांगायचा होता. तीस. एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ग्रेगरीसाठी तिने तारीख पुढे ढकलली होती, रेजिनासाठी मागे ओढायची. कोणी पडताळायला येणार नव्हतं. पण रेजिना तिच्याकडे सरळ बघत होती, आणि या घरात आपण न बोललेल्या गोष्टींनी किती माणसं खाल्ली, हेच सेलीनच्या मनात आलं.

"चौतीस," ती म्हणाली. "जानेवारी. चार महिने इकडे-तिकडे."

रेजिनाने मोजलं नाही. मोजायचं काही नव्हतं.

"म्हणजे माझ्या वेळी धडधाकट होता."

"हो."

"सगळं कळत होतं त्याला."

"हो, रेजिना."

रेजिनाने शेवटच्या शर्टाची घडी घातली, ती ढिगावर ठेवली, तळव्याने नीट दाबली. मग ती खाटेच्या कडेवर बसली, जिथे रोज बसून त्याला भरवायची.

"नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं," ती म्हणाली. "मी भांडले असते. जिंकलेही असते कदाचित. सहा महिने नुसता गप्प! धड भांडला तरी असता माझ्याशी, मेला..."

शब्द तोंडातून गेला आणि तिने तोंडावर हात धरला. लहानपणापासून त्याला ती असंच म्हणत आली होती, दिवसातून दहादा, लाडाने आणि रागाने. ती रिकाम्या उशीकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं.

सेलीन तिच्याजवळ जाऊन बसली.